चकलीचा डबा आणि पेशीतली फुगडी

दिवाळी होऊन दीड महिना झाला होता. फडताळात अगदी मागे सरकलेला स्टीलचा डबा माझ्या भाचीच्या हाती लागला. झाकण अर्धवट बसलेलं होतं आणि तळाशी पाच-सहा चकल्या. तिने मोठ्या आशेने एक तोंडात टाकली आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"शी! मावशी, खवट झालीय ही!"

मी डबा नाकाशी धरला. जुन्या तेलाचा तो वास तुम्हालाही ओळखीचा असेल. मूठभर शेंगदाण्यांत एखादा खवट दाणा निघाला की सगळं तोंड कडवट होतं, तसाच. पण चकली दिसायला मात्र होती तशीच होती. बुरशी नव्हती, मुंग्या नव्हत्या. कुणी तिला हातही लावलेला नव्हता.

"मग तिला झालं तरी काय?" भाचीने विचारलं.

"तिला ऑक्सिजन लागला."

"ऑक्सिजन? आपण श्वासात घेतो तोच?"

"अगदी तोच! म्हणून तर वेफर्सचं पाकीट एवढं टम्म फुगलेलं असतं. त्यात साधी हवा नसते, नायट्रोजन वायू भरलेला असतो. ऑक्सिजनला आत जागाच ठेवायची नाही, म्हणजे वेफर्स खवट होत नाहीत."

भाची थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला, त्यासाठीच हा सगळा लेख लिहायला बसले आहे.

"मावशी, आपण तर दिवसभर ऑक्सिजन आत घेतो. मग आपण का नाही खवट होत?"

फुगडीला दोघी लागतात

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला खूप खूप बारीक व्हावं लागेल. इतकं बारीक, की तेलाचा एक रेणू डोळ्यांसमोर दिसावा.

प्रत्येक रेणूत इलेक्ट्रॉन नावाचे अगदी चिमुकले कण असतात, आणि बहुतेक रेणूंमध्ये ते जोडीजोडीने राहतात. मंगळागौरीला फुगडी घालतात ना, तसं समजा. फुगडीला दोघी लागतात. एकमेकींचे हात घट्ट धरलेले असले की जोडी मजेत गरगर फिरते.

आता कल्पना करा, अंगणात वीस जोड्या फुगडी घालताहेत आणि मध्येच एक एकटी मुलगी शिरली. तिला फुगडी खेळायची घाई झाली आहे. तिने फिरत्या जोडीतल्या एकीचा हात ओढला आणि आपली जोडी जमवली. पण जिची जोडीदारीण पळवली, ती आता एकटी पडली! मग तिनेही शेजारच्या जोडीतली एक ओढली. तिथली दुसरी एकटी पडली. तिने आणखी कुणाला तरी ओढलं. बघता बघता अंगणभर गोंधळ.

जोडी नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणाऱ्या अशा रेणूला 'मुक्त मूलक' म्हणतात. इंग्रजीतलं 'फ्री रॅडिकल' हे नाव तुम्ही जाहिरातींतही ऐकलं असेल. कार्बनचा असा पहिला मूलक अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांना १९०० साली सापडला.

चकलीत हेच झालं. तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबलचक साखळी. काही ठिकाणी दोन शेजारी कार्बन एकमेकांना दुहेरी बंधाने धरून असतात. या दुहेरी बंधाच्या आसपासचा हायड्रोजन जरा सैल असतो, चटकन ओढून नेता येतो. एकदा तो गेला की त्या जागी ऑक्सिजन येऊन चिकटतो. आता हा नवा मूलक शेजारच्या साखळीला ओढतो, आणि पुढे तेच. शेवटी साखळ्यांचे तुकडे पडतात. त्यातले लहान तुकडे हवेत उडून नाकात शिरतात. तोच आपला खवट वास! ज्या तेलात दुहेरी बंध जास्त, ते लवकर खवट होतं. जवसाचं तेल म्हणूनच चटकन बिघडतं. तुपात असे बंध कमी असतात, त्यामुळे ते जास्त टिकतं.

आपल्या आतही तेलाचं पटल

आता आपल्या शरीरात शिरू. आपलं शरीर सुमारे तीस लाख कोटी पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं आणि ते मुख्यतः मेदाच्या रेणूंचं असतं. म्हणजे तेलाच्या चुलतभावंडांचंच! आणि या मेदातही पुष्कळ दुहेरी बंध असतात.

असं का बरं? कारण दुहेरी बंधांमुळे पटल मऊ आणि वाहतं राहतं. ते नसते तर पटल थंडीत गोठलेल्या तुपासारखं घट्ट झालं असतं आणि पेशीला आत-बाहेर काही नेता-आणताच आलं नसतं. म्हणजे पेशीला मऊपणा हवा, तर दुहेरी बंध हवेत. आणि दुहेरी बंध आले, की खवट होण्याचा धोकाही आला.

शिवाय एकटे पडलेले इलेक्ट्रॉन पेशीत सतत तयार होत असतात. पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात. जेवणातली ऊर्जा तिथे मोकळी होते. या भट्टीत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात आणि शेवटी ऑक्सिजनकडे पोचून पाणी बनतं. पण एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतो आणि ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. झाला मूलक तयार! त्याचं नाव सुपरऑक्साइड.

"म्हणजे आपण खवट होतोच की!" भाची दचकून म्हणाली.

होय. क्षणोक्षणी, थोडे थोडे. पण आपल्या पेशी काही डब्यातल्या चकलीसारख्या गप्प बसून राहत नाहीत. त्या क्षणोक्षणी सगळं सावरत असतात.

पेशीचे राखणदार

पहिला राखणदार म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्यूटेझ नावाचं विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं भराभर उरकणारं प्रथिन. नाव लांब आहे, पण काम थोडक्यात. तो सुपरऑक्साइड पकडतो आणि त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली हे काम ओळखलं.

हायड्रोजन पेरॉक्साइडही तसं धोक्याचंच. म्हणून दुसरा राखणदार, कॅटालेझ, पुढे येतो आणि त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. कॅटालेझचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. हा राखणदार तुम्हाला डोळ्यांनी पाहायचाय? पुढची चौकट वाचा.

तिसरा गट फुगडीतल्या समजूतदार आजीसारखा आहे. एकट्या पडलेल्या मुलीला आजी म्हणते, "ये, माझा हात धर." गोंधळ तिथेच थांबतो, कारण आजी पुढे कुणालाच ओढत नाही. पेशीपटलात ही आजी म्हणजे जीवनसत्त्व ई. शेंगदाण्यात, सूर्यफुलाच्या तेलात ते असतं. दमलेल्या आजीला पुन्हा ताजंतवानं करतं ते जीवनसत्त्व क. ते आपल्याला आवळ्यातून, पेरूतून, लिंबातून मिळतं. शेळीचं शरीर जीवनसत्त्व क स्वतः बनवू शकतं. माणसाचं नाही. म्हणून आपल्याला फळं खावी लागतात. यांच्या जोडीला ग्लुटाथायोन हा रेणू असतो, तो मात्र पेशी स्वतःच बनवते.

आणि एवढं करूनही काही मूलक निसटलेच, तर? तर ते थेट डीएनएपर्यंत पोचू शकतात. डीएनए म्हणजे पेशीचं पुस्तक, चार अक्षरांत लिहिलेलं. त्यातलं जी हे अक्षर ऑक्सिजनच्या तावडीत लवकर सापडतं. ते बिघडलं की पुस्तकाची नक्कल उतरवताना चुकीचं अक्षर लिहिलं जातं. पण पेशीत मुद्रितशोधकही आहेत! काही विकरं डीएनएवरून फिरतात, बिघडलेलं अक्षर कापून काढतात आणि बरोबर अक्षर बसवतात. डीएनएची ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणखी एक गोष्ट. मूलक नेहमी वाईटच, असं नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुद्दाम मूलक बनवतात आणि जंतूंवर सोडतात. ते त्यांचं शस्त्र आहे. म्हणजे मूलक असावेत, पण राखणदारांच्या आवाक्यात असावेत.

करून पाहा : बटाट्यातला राखणदार

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच हे करा. कच्च्या बटाट्याची एक चकती घ्या आणि उकडलेल्या बटाट्याची एक. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्हींवर चार-चार थेंब टाका. डोळ्यांपासून लांब ठेवा, चकत्या खाऊ नका आणि नंतर हात धुवा.

कच्च्या चकतीवर पांढरा फेस फसफसून वर येईल. ते ऑक्सिजनचे बुडबुडे. बटाट्यातलं कॅटालेझ कामाला लागलं! उकडलेल्या चकतीवर मात्र जवळजवळ काहीच होणार नाही, कारण उष्णतेने विकर मोडून गेलं. राखणदार नसला की पेरॉक्साइड तसंच्या तसं पडून राहतं.

धूर आत आला की

आता खरी काळजीची गोष्ट सांगते.

मोठं माणूस दिवसाला सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतं. एवढ्या श्वासांतून जवळजवळ दहा हजार लिटर हवा फुप्फुसात जाऊन येते. तिथे सुमारे तीस कोटी वायुकोश आहेत. ते सगळे पसरून ठेवले तर जवळजवळ एक बॅडमिंटन कोर्ट झाकलं जाईल! तुमची फुप्फुसं लहान आहेत, पण वजनाच्या मानाने तुम्ही मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेता.

हवेतल्या बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. तुमच्या डोक्यावरचा केस त्याच्या पंचवीस-तीस पट जाड असतो! नाकातले केस आणि शेंबूड मोठी धूळ अडवतात. पण इतके बारीक कण सुळकन खाली जातात आणि थेट वायुकोशांत पोचतात.

डिझेलच्या धुरातला काजळीचा कण आपण भिंगाखाली धरला आहे असं समजू. त्याच्या अंगावर लोह आणि तांबं यांसारखे धातू चिकटलेले असतात. फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली दाखवून दिलं, की लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की ते मिश्रण फार जहाल होतं. पुढे कळलं, की त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मूलक जन्मतो. हा सगळ्यांत हावरा. जो रेणू समोर येईल त्याला ओढतो.

त्याच कणावर क्विनोन नावाचे रेणूही असतात. क्विनोन पेशीतून इलेक्ट्रॉन उचलतो, ऑक्सिजनला देतो आणि पुन्हा रिकामा होऊन दुसरा उचलायला येतो. एकच क्विनोन हे काम पुन्हा पुन्हा करत राहतो.

एवढ्यात फुप्फुसातली भक्षक पेशी धावून येते. तिला वाटतं, जंतू आला. ती कण गिळते आणि त्याच्यावर मूलकांचा मारा करते. जंतू असता तर मेला असता. पण काजळी कशी मरणार? ती पचतही नाही. पेशी मारा करत राहते आणि आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा होते. तिथे सूज येते.

पेशी तेव्हाही स्वस्थ बसत नाही. एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन एरवी दुसऱ्या प्रथिनाच्या ताब्यात असतं. मूलक वाढले की तो ताबा सुटतो, एनआरएफ-२ धावत पेशीच्या केंद्रकात, डीएनएपाशी जातं आणि आणखी राखणदार बनवायचा हुकूम देतं. धूर कधीतरी आला तर पेशी निभावून नेते. पण धूर रोजचाच असेल, तर? मूलक जास्त आणि राखणदार कमी, असं झालं की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने ही कल्पना नीट मांडली. पटलं गळकी होतात, प्रथिनं वाकडी होतात, डीएनएतल्या चुका दुरुस्तीच्या आधीच पुढे जातात. ज्यांना दमा आहे त्यांचा दमा वाढतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर हृदयाचे आजार होतात, आणि कर्करोगही. बाहेरची प्रदूषित हवा कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केलं.

रबराने दिलेली साक्ष

आता एक खरी गोष्ट. अमेरिकेतलं लॉस एंजेलिस शहर. १९४३ सालच्या जुलै महिन्यात तिथे एके दिवशी दाट धुरकं पसरलं. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, नाकातून पाणी वाहू लागलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे काहींना वाटलं, शत्रूने विषारी वायूच सोडला! पण धुरकं पुढेही येत राहिलं. आणि एक अजब गोष्ट लक्षात आली. त्या शहरात मोटारींच्या टायरांना फार लवकर भेगा पडत होत्या.

तिथल्या कॅलटेक या संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचे शास्त्रज्ञ होते. ते अननसाला वास कशामुळे येतो याचा अभ्यास करत होते. अननसाचा वास जसा थंड करून पकडायचा, तशीच त्यांनी शहराची हवा पकडली. त्यातून थोडा तपकिरी, घाणेरड्या वासाचा द्रव निघाला. पुढे काही वर्षं खपून त्यांनी कोडं सोडवलं. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणाऱ्या वाफा आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र. आकाशात उंचावर तो आपलं रक्षण करतो, पण जमिनीलगत तो फुप्फुसाला जाळतो.

आणि टायरांच्या भेगा? रबरातही दुहेरी बंध असतात! ओझोन नेमका त्यांच्यावर तुटून पडतो. हागेन-स्मिट यांनी तर रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवून, भेगा किती लवकर पडतात यावरून ओझोन मोजला.

"चकलीत दुहेरी बंध, पेशीत दुहेरी बंध, आणि रबरातही!" भाची बोटांवर मोजत म्हणाली.

ज्या हवेने रबर फाटतं, ती हवा आपण ओलसर, नाजूक फुप्फुसात घेत असतो. तिथे जीवनसत्त्व क आणि ग्लुटाथायोन पुढे होऊन ओझोनचा वार आपल्या अंगावर घेतात. पण त्यांचाही साठा संपतो.

मग आपण काय करायचं?

आवळा खा, पेरू खा, पालेभाजी खा. राखणदारांना त्यानं बळ मिळतं. पण मुलांनो, कितीही आवळे खाल्ले तरी धूर धूरच राहतो. राखणदारांवरचं काम कमी करायचं असेल तर धूरच कमी करायला हवा.

फटाक्यांचंच घ्या. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने नेहमीचे फटाके पेटवून त्यांचा धूर मोजला. सगळ्यांत जास्त बारीक कण कशातून निघाले असतील? मोठ्या आवाजाच्या लवंगी माळेतून? नाही. नागगोळीतून! पेटवली की वळवळत काळा साप बाहेर येतो ना, तीच. आवाज नाही म्हणून आपण ती अगदी लहान मुलांच्या हातात देतो, आणि मुलं वाकून जवळून बघतात. यंदा तुमच्या घरात ती येऊ देऊ नका.

अंगणातला पालापाचोळा पेटवू नका, त्याचं खत करा. शाळेच्या फाटकाशी बाबांची गाडी थांबली असेल तर म्हणा, "बाबा, इंजिन बंद करा." धुळीच्या, धुराच्या दिवशी तोंडाला नुसता रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, चांगला मास्क लागतो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'सफर' या सेवेवर काही शहरांच्या हवेचे आकडे रोज पाहता येतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाची सरासरी धरली तर एका घनमीटर हवेत पीएम २.५ पाच मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. आपल्या देशाची मर्यादा चाळीस आहे. म्हणजे आपल्याला अजून बरंच काम करायचं आहे.

आणि चौकातून जाताना एकदा त्या वाहतूक पोलिसाकडे बघा. पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशींकडे बघा. आपण पाच मिनिटांत धुरातून निघून जातो, ते मात्र दिवसभर तिथेच असतात. त्यांच्याही पेशींत राखणदार आहेत आणि तेही दमतात. आपण एक इंजिन बंद केलं, एक ढीग पेटवला नाही, तर त्यांच्या राखणदारांना तेवढीच मदत.

त्या दिवशी भाचीने चकल्या टाकून दिल्या, डबा घासून पुसला आणि झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "डब्याला झाकण लावता येतं. वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरता येतो. पण आपल्याला तसं काहीच करता येत नाही, हो ना मावशी? आपल्याला तर हवा हवीच."

हो ना. म्हणूनच ती चांगली हवी.

मग तिने दोन रबरबँड घेतले. दोन्ही दोन काड्यापेट्यांवर ताणून बसवले. एक पेटी त्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि दुसरी रस्त्याकडच्या गॅलरीत, उन्हापावसापासून आडोशाला. दोन्हींवर तारीख घातली. दर रविवारी ती भिंग घेऊन दोन्ही रबरं बघते. तुम्हीही तुमच्या गॅलरीत एक रबरबँड ताणून ठेवा. भेगा पडल्या तर किती दिवसांनी पडल्या, ते वहीत लिहून ठेवा.